फ्रीजरमधला चार किलोचा नातू

मातृत्वाहून पवित्र या जगात काही नाही, असं आमच्या दवाखान्याच्या भिंतीवर सोनेरी अक्षरांत लिहिलं आहे. त्याच्याच खाली, बुटांवर निळ्या पिशव्या चढवल्याशिवाय आत येऊ नये, असंही लिहिलं आहे. दुसऱ्या सूचनेवर लक्ष ठेवायला एक बाई बसवलेली आहे.

टेस्ट ट्यूब बाळासाठी माझी ही तिसरी खेप, आणि वय एकोणचाळीस. चौथी खेप देणार नाही, असं डॉक्टर साउले यांनी आधीच सांगून टाकलं होतं. रोज पोटात सुई, दिवसाआड रक्त. दवाखाना शिमकेंत शहरात, तिथवर सासूबाई सोबत यायच्या. माझा नवरा ओराज बाहेर गाडीत बसायचा, कारण गाडी लावायला मिळालेली जागा सोडवत नसे.

दहाव्या दिवशी इस्ट्रोजेनचा आकडा आला पाच हजार दोनशे.

"पाच हजार!" सासूबाई खुलल्या. "मागच्या खेपेला बाराशेच होते ना गं? शाब्बास!"

त्यांची सगळी नोकरी सरकारी गोठ्यात दूध मोजण्यात गेली होती. चढलेल्या आकड्याला नावं ठेवायची त्यांना सवय नव्हती.

"आपा, हा फार चढलाय," डॉक्टर म्हणाल्या. "हिच्या जिवालाही बरं नाही. शिवाय हार्मोन एवढं वर असताना गर्भ आत ठेवला, तर बाळं जरा हलकी जन्मतात, असं काही ठिकाणी दिसलंय."

"हलकी म्हणजे किती?"

"नक्की नाही सांगता येत. थोडी. त्यापेक्षा आत्ता गर्भ गोठवून ठेवू, फेब्रुवारीत आत ठेवू. गोठवलेल्यांची बाळं उलट जरा वजनदार निघतात."

एवढं बोलून त्या सावरून बसल्या. गोठवायचं म्हटलं की सासवा काय काय बोलतात, ते त्यांनी पुष्कळ ऐकलं असावं.

"मग अडलंय कुठे?" सासूबाई म्हणाल्या. "आम्ही डिसेंबरात घोडा कापतो, तो मार्चपर्यंत गोठवलेलाच खातो. आजवर कुणी मेलं नाही. गोठवा."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्या दिवसांत मला तेवढंच छान जमत होतं.

अठरा बीजं निघाली. गर्भ टिकला एक.

डिसेंबरात आमच्याकडे सोगिमचं जेवण झालं. हिवाळ्याचा घोडा कापला की नातेवाइकांना बोलवावंच लागतं. तीस माणसं होती. मी चहा ओतत होते.

"काय गं वहिनी," ओराजची कुलाश आत्या सासूबाईंना म्हणाली, "सून नुसती चहाच ओतणार का जन्मभर?"

"नातू आहे," सासूबाई म्हणाल्या. "चार किलोचा. शिमकेंतला, फ्रीजरमध्ये."

चघळणं थांबलं.

"नातूच कशावरून?"

"वजनावरून."

सगळ्यांत थोरल्या आजोबांना ऐकू कमी येतं, पण आशीर्वाद द्यायची वेळ ते चुकवत नाहीत. त्यांनी तळवे उघडले, बाळाला दीर्घायुष्य मागितलं, आणि तीस माणसांनी तोंडावरून हात फिरवले. मीही फिरवले. हातांना घोड्याच्या चरबीचा वास येत होता.

"आमच्याही फ्रीजरमध्ये बघा रे," कुणीतरी काका म्हणाले, "एखादा राहिला असेल."

सगळे हसले. ओराजही हसला.

"आईला सांग ना," मी त्याला मोरीपाशी म्हटलं, "अजून तो टाचणीच्या डोक्याएवढाही नाहीये."

"तू सांग की."

"माझे हात ओले आहेत."

कुणीच सांगितलं नाही. जानेवारीत कपडे यायला लागले, सगळे तीन महिन्यांच्या मापाचे, कारण एवढ्या थोराडाला लहान मापं बसली नसती. मग पाळणा आला. कुलाश आत्याने तारास गावच्या नातेवाइकांना फोन करताना साडेचार किलो सांगितलं. सासूबाईंनी तो अर्धा किलो दुरुस्त केला नाही. मी कपडे धुऊन, घड्या घालून कपाटात ठेवले. कपड्यांना इस्त्रीची गरज नव्हती, तरी केली.

फेब्रुवारीत आकडा आला दोनशे चाळीस. सासूबाई हिरमुसल्या.

"एवढाच?"

"या वेळी एवढाच हवा, आपा," डॉक्टर म्हणाल्या. "वजनाला चांगलं."

गर्भ आत ठेवायला सहा मिनिटं लागली. गाडीची जागा सोडायची वेळ आली, तेव्हा ओराजने आधी मला बसवलं, पाठीशी उशी दिली आणि घरापर्यंत तिसाच्या वर वेग नेला नाही. मागून लोक भोंगे वाजवत होते.

दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त दिलं. या वेळी हार्मोन वेगळं होतं. पाचाच्या खाली आलं, तर गर्भ राहिलेला नसतो.

आकडा आला शून्य पूर्णांक नऊ.