दुसरा पेढा

माधवनगरच्या मिलमधल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये साड्यांच्या काठांची सगळी नक्षी अडकली होती. ती केबलमधून नव्या विंडोज अठ्ठ्याण्णववर आणायला मी साताऱ्याहून आलो होतो. तीन दिवस डोकं फोडलं. जुनं सॉफ्टवेअर नव्यावर कसंबसं चालवलं, वेग कमी केला, वाढवला, शिव्या घातल्या. एक अक्षर येईना. शेवटी मीच रेटून बसवलेली केबल उपसली आणि जुन्याच्या मागच्या पोर्टमध्ये बॅटरी मारली. आत काहीतरी तपकिरी, दगडासारखं घट्ट.

"पेढा हाय," मिलचे जुने ऑपरेटर आकारामबापू म्हणाले. "दर खंडेनवमीला भरवतो. समद्या यंत्रांची पूजा करायची आन् ह्यालाच उपाशी ठेवायचं व्हय?"

"हे काय तोंड आहे त्याचं?" मी ओरडलो.

"बोलतंय तितनंच. कंपनीच्या माणसानं सांगितलं हुतं."

टाचणीनं तासभर कोरल्यावर सगळी नक्षी सरसर नव्यावर आली. खुशीत मी केबल काढून गुंडाळली, बॅगेतला कंदी पेढ्यांचा पुडा सोडला आणि सगळ्यांना वाटला.

आकारामबापूंनी दोन मागितले. दुसरा बायकोसाठी असेल, असं मला वाटलं.