‘चिकट’च्या पाठीला अकरा वर्षं

जरा हलक्या हाताने धरा हं, माझा एक कोपरा आधीच गेलेला आहे. मी चिठ्ठी बोलतेय. चिठ्ठी म्हटलं की लोकांना एकतर प्रेमपत्र आठवतं नाहीतर सामानाची यादी. मी दोन्हींतली नाही. मी शब्दकोशाची चिठ्ठी आहे, तळहाताएवढी, जाडसर, पिवळट. माझ्या डोक्यावर ठळक अक्षरांत एकच शब्द आहे, ‘चिकटणे’. त्याखाली अर्थ, आणि अर्थाखाली दाखला. दाखला म्हणजे तो शब्द माणसं वाक्यात कसा वापरतात त्याचा नमुना. अशा हजारो बहिणी मला होत्या. सगळ्या अक्षरानुसार गठ्ठ्यात बसायच्या आणि छापखान्यात जाण्याची वाट पाहायच्या.

माझा जन्म एका घराच्या पुढच्या खोलीत झाला. तिथे समोरासमोर दोन टेबलं होती. खिडकीजवळच्या टेबलावर कोशकार बसायचे. घरात आणि गल्लीत सगळे त्यांना दादा म्हणत, म्हणून मीही म्हणते. दुसऱ्या टेबलावर त्यांची धाकटी बहीण. ती दोन गल्ल्या पलीकडे राहायची, सकाळी घरचं आवरून यायची ती संध्याकाळीच परत जायची. दादा तिला चिमणी म्हणायचे. चिमणीचे केस तेव्हा पांढरे व्हायला लागले होते आणि तिचा आवाज तिसऱ्या घरी ऐकू जायचा, पण थोरल्या भावांना हे असलं काही दिसत नसतं.

दोघांच्या कामाची तऱ्हा मोठी मजेची होती. दादा शब्द पुस्तकांतून वेचायचे. पुस्तकात छापलेलं नाही ते बोललंच जात नाही, अशी त्यांची जवळजवळ खात्री होती. बहीण शब्द कानांनी गोळा करायची. दवाखान्याच्या बाकावर, बसथांब्यावर, शेजारणीच्या भांडणात ती कान टवकारून उभी असायची आणि तळहातावर पेनने खुणा करून आणायची. हात धुतला की अर्धे शब्द वाहून जायचे. मग ती नळालाच बोल लावायची.

माझ्यावर पहिला अर्थ दादांनी लिहिला. ‘एखादी वस्तू ओलसर किंवा चिवट असल्यामुळे दुसरीला घट्ट जडून राहणे.’ दाखला दिला, ‘पाकिटाला तिकीट चिकटले.’ मी समाधानी होते. पण बहिणीने मला उचललं, वाचलं आणि नाक मुरडलं.

“दादा, एवढंच? पोर आईला चिकटतं, माणूस नोकरीला चिकटतो, ते कुठे गेलं? तिथे कुठली आलीय ओल?”

“तिथे लागून राहणे असं म्हणता येईल.”

“मुळीच नाही. दूध पातेल्याला लागतं. लागलेलं खरवडून काढता येतं. चिकटलेलं मात्र हळूहळू सोडवावं लागतं, नाहीतर दोन्हीकडचं फाटतं.”

दादा दोन मिनिटं पेन चावत बसले. मग त्यांनी दुसरा अर्थ लिहिला, ‘सोडून न जाता कोणाच्या किंवा कशाच्या जवळ राहणे.’ मला तर आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. पदार्थातून उठून मी एकदम माणसांत आले होते. दाखल्याची जागा रिकामी होती. बहिणीने मला आपल्याकडे ओढलं आणि झरझर लिहून टाकलं, ‘दादा सकाळपासून खुर्चीला चिकटलाय, चहा गार झाला तरी उठायचं नाव नाही.’

दादांनी ते वाचलं. चहा खरोखरच गार झालेला होता, त्यामुळे ते जास्तच चिडले. त्यांनी लाल पेनने त्या ओळीवर काट मारली.

“हा कोश आहे. इथे घरातली थट्टा चालत नाही. दाखला पुस्तकातला लागतो.”

“आणि मी नऊ वर्षं कानांनी गोळा केलं ते?”

“तुझं बोलणं म्हणजे काही पुस्तक नव्हे.”

हे वाक्य त्यांच्या तोंडून निसटलं. मला ऐकतानाच वाईट वाटलं. बहिणीने पेनाला टोपण लावलं आणि भर दुपारी ती घरी निघून गेली.

आता जे सांगते ते दादांशिवाय फक्त मला माहीत होतं. संध्याकाळपर्यंत दादांनी एकही शब्द लिहिला नाही. मग त्यांनी पांढऱ्या कागदाची एक पट्टी कापली, तिच्यावर आपल्या वळणदार अक्षरात बहिणीचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं, चहासकट, आणि ती पट्टी लाल काटेवर चिकटवली. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. ही त्यांची माफी होती.

चुकलं ते खळ लावताना. आमच्याकडे खळ वहिनी, म्हणजे दादांची बायको, दर सोमवारी पिठाची शिजवून द्यायची. नियम दादांचाच होता. खळ बोटाच्या टोकावर मावेल एवढीच घ्यायची, पट्टी लावलेली चिठ्ठी खिडकीत पसरून ठेवायची आणि खडखडीत वाळल्याशिवाय गठ्ठ्यात घालायची नाही. येईल त्याला ते हे ऐकवायचे. त्या दिवशी मात्र त्यांचं मन थाऱ्यावर नव्हतं. तीन बोटं भरून खळ घेतली, मला ओलीच गठ्ठ्यात सारली, दोरी आवळली आणि वर सगळ्यांत जाड ग्रंथ ठेवून दिला. खळ पट्टीच्या चारी बाजूंनी बाहेर आली. माझ्या अगोदरची चिठ्ठी होती ‘चिकट’. मी तोंडाने तिच्या पाठीला अशी बसले की दोघींची एकच चिठ्ठी झाली.

दुसऱ्या दिवशी बहीण लवकर आली. तीही रात्रभर विचार करून आली असणार, कारण आल्या आल्या तिने पेन उचललं आणि आपल्या काटलेल्या ओळीच्या जागी पुस्तकातला दाखला आपणच लिहायला गठ्ठा सोडला. ‘चिकट’ होती, पुढे ‘चिकणा’ होती. मी नव्हते. तिला वाटलं, दादांनी मला फाडून टाकलं. तेवढ्यात दादा आले, त्यांनी सुटलेला गठ्ठा पाहिला, आपली पट्टी शोधली. त्यांना वाटलं, हिने पट्टी वाचली आणि तरीही रागाने चिठ्ठी काढून नेली.

“नको होतं तर सरळ सांगायचं,” बहीण म्हणाली.

“हेच मी म्हणतो,” दादा म्हणाले.

झालं! दोन शहाणी माणसं, एक आख्खी भाषा हाताशी, आणि ‘चिठ्ठी कुठे आहे?’ एवढे तीन शब्द कोणाला सुचले नाहीत. मी आतून ओरडत होते, पण तोंडच चिकटलेलं. बहिणीने चष्मा उचलला आणि ती गेली.

अबोला अकरा वर्षं चालला. कोश माझ्याशिवाय छापून आला. दुसरी चिठ्ठी लिहायला पाच मिनिटं पुरली असती, पण दादा म्हणायचे, जिने नेली तीच आणून देईल. एका शिक्षिकेने पत्र लिहिलं, ‘आपल्या कोशाची पाने उत्तम चिकटवली आहेत, मात्र तो शब्द आत सापडत नाही.’ वहिनी पोट धरून हसली. दादा हसले नाहीत.

बहीण घरी यायची, आजारपणात धावूनही यायची, पण बोलणं सगळं वहिनीमार्फत. “वहिनी, तुमच्या घरच्यांना सांगा, थंडी आहे, मफलर बांधा.” आणि दादा चार हातांवरून, “तिला सांग, बांधलाय.” बिचारी वहिनी दोघांच्या मध्ये मान वळवून वळवून थकली.

माझं म्हणाल तर अंधारात दिवस काढले. ‘चिकट’ शेजारीण म्हणून वाईट नव्हती, पण अंगचटीला फार यायची. दोन घरं सोडून ‘चिकित्सा’ राहायची. नावाची चिकित्सा! शेजारी एवढं जाड काय लागतंय, म्हणून तिने एकदा वळून पाहिलं असेल तर शपथ.

मग कोशाची दुसरी आवृत्ती काढायचं ठरलं आणि सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा तपासायला बाहेर निघाल्या. पण दादांना आता अक्षर दिसेना. चिठ्ठी नाकाला लावून ते तासभर बसायचे आणि दिसतंय असं भासवायचे. वहिनीने जाऊन नणंदेला सांगितलं, “ते स्वतः नाही सांगणार. तूच ये.”

ती आली. आपल्या जुन्या टेबलावरची धूळ पदराने पुसली आणि वहिनीकडे पाहून म्हणाली, “मी वाचते म्हणावं. त्यांनी ऐकावं.” दादांनी खुर्ची थोडी पुढे ओढली. तेवढंच.

तीन आठवड्यांनी आमचा गठ्ठा सुटला. तिने ‘चिकट’ उचलली आणि तिची बोटं थबकली. आयुष्यभर चिठ्ठ्या हाताळलेली बोटं ती, त्यांना जाडी कळते. तिने आम्हाला खिडकीच्या उजेडात धरलं. मग म्हणाली, “वहिनी, किटली ठेवा हो.”

वाफेवर धरून, सुरीच्या बोथट टोकाने, तिने मला कडेकडेने सोडवलं. माझा एक कोपरा ‘चिकट’च्या पाठीवरच राहिला. राहू दे. ती मला वाचू लागली. शब्द, पहिला अर्थ, तिकीट, दुसरा अर्थ. आणि मग पांढरी पट्टी आली. वाक्य तिचं, अक्षर दादांचं. तिचा तो तीन घरं ओलांडणारा आवाज बसला.

“वाच की,” दादा हळूच म्हणाले. “तेव्हा वाचलंच होतंस.”

“आज पहिल्यांदा वाचतेय, दादा.”

दादांनी हात पुढे करून पट्टी चाचपली.

“मला वाटलं, तू फाडलीस,” ती म्हणाली.

“मला वाटलं, तू नेलीस.”

बहिणीने मला उलटंसुलटं केलं, वाळलेल्या खळीचे पापुद्रे नखाने काढले आणि डोळे पुसत पुसत ओरडली, “किती रे खळ लावलीस, दादा! आणि वाळवायची कोणी?”

“म्हणजे तीन बोटं खळीपायी मी अकरा वर्षं निरोप पोचवत बसले?” वहिनी म्हणाली. ती हसत होती की रडत होती, मला नीट कळलं नाही.

आता मी सुरकुतलेली आहे, वाफेने माझी शाई थोडी फुटलीय, पण नव्या आवृत्तीत मी आहे, दोन्ही दाखल्यांसकट. लोकहो, मागणं एकच. खळ बेताची लावा, वाळू द्या, आणि काही हरवलं तर समोरच्याच्या मनात शोधण्याआधी शेजारच्या चिठ्ठीची पाठ बघा.

मला परत गठ्ठ्यात ठेवायचंय, पण कोणाला सवड नाही. समोर ती दोघं बसलीत. ती वाचतेय, दादा ऐकताहेत, मधूनच भांडताहेत. वहिनीने चहा ठेवून बराच वेळ झाला. तो केव्हाच गार झालाय, आणि दोघंही उठायचं नाव घेत नाहीत.