विहाराच्या दारातली सानिका

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी घोडी आहे. चित्रकार माझ्यावर कॅनव्हास टेकवतात. माझी उमेदीची वर्षे एका डच चित्रशाळेत गेली. मग पाय डुगडुगू लागला आणि मी जुन्या वस्तूंच्या दुकानात आले. श्यामकांतने मला तिथून ट्रामने डीमन या डच गावातल्या आपल्या घरी आणले, पायाला फळीचा तुकडा ठोकला आणि म्हणाला, "आता नीट उभी राहा, बाई." मी राहिले.

श्यामकांत त्याच्या संशोधक बायकोबरोबर इथे आला होता; चित्रा तिचे नाव. खिडकीबाहेर ट्राम धावे. त्याच्या चित्रांत मात्र प्राचीन विहार, कमळतळी आणि जात न विचारणारी माणसे असत.

"मी त्या काळात जन्मायला हवं होतं," तो म्हणे.

"हीटरशिवाय? तू?" चित्रा विचारी.

बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमासाठी त्याने मुलीला, सानिकाला, विहाराच्या दारात पांढऱ्या साडीत रंगवले. तीही कितीतरी रविवार न हलता बसली. पण चित्र त्याला फार नवे वाटले. जवसाच्या तेलातले रंग अंधारात पिवळे पडतात, हे त्याला ठाऊक होते. म्हणून त्याने चित्रासह मला तळघरात, सायकलींच्या खोलीत नेऊन ठेवले. हिवाळाभर आम्ही तिथेच होतो. ओलीने माझे सांधे फुगले.

पौर्णिमेला काही आठवडे उरले तेव्हा त्याने आम्हाला वर आणले. साडी पिवळट झाली होती, चेहराही. तो खूश होता.

सानिका बराच वेळ बघत राहिली. एरवी ती डचमध्ये उत्तर देते. त्या दिवशी मराठीत म्हणाली, "बाबा, मी आजारी दिसते. हे कार्यक्रमात लावू नकोस. मला त्या काळात नाही राहायचं. मी इथे आहे ना."



"खिडकीत ठेव," चित्रा म्हणाली. "उजेडात पिवळेपणा बराचसा जातो."

"मग जुनेपणा?"

"तुला तो हवाय की मुलगी?"

त्याने मला खिडकीशी ओढले. साडी हळूहळू पांढरी होत गेली. शाळेला निघताना सानिका दप्तर माझ्या पायाशी टेकवी आणि गालांचा रंग निरखी.

पौर्णिमेच्या सकाळी तिनेच कॅनव्हासची एक बाजू उचलली. "बाबा, तू ती बाजू धर. आणि दारात आपटू नकोस मला."

दोघे जिना उतरले. मी रिकामी, उन्हात उभी राहिले.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना ओलीपासून जपा. आणि ज्यांच्यावर जीव आहे, त्यांना आजच्या उजेडात ठेवा.