शिंपीणकाकूंचं तोंड

त्या काळी कॅन्सर हा शब्द लोक दार लावून उच्चारत. तिसऱ्या मजल्यावरच्या पोरीला तो झाला आणि अख्खी इमारत साखरेत घोळल्यासारखी गोड झाली. कोणी डबा आणी, कोणी दवाखान्यात सोबतीला बसे. पोरीच्या आईला बरं वाटे. पण खालच्या शिंपीणकाकूही गोड झाल्या, तेव्हा मात्र ती धास्तावली. ओल्या कपड्यांचं पाणी मशीनवर गळतं म्हणून दहा वर्षं तिच्या सात पिढ्या उद्धरणारी बाई आता "असू दे गं" म्हणते, म्हणजे पोरीचं काही खरं नाही की काय?

चौथ्या दिवशी तिने चादर न पिळताच दोरीवर टाकली. खाली गिऱ्हाइकाचा नवा कोट चिंब झाला.

"अगं भवाने, डोळे फुटले का? पोरगी बरी होऊन शाळेत जाईल, पण तुला अक्कल यायची नाही!"

"मशीन आत घ्या की मग!" कठड्यावरून ओणवून ती ओरडली आणि कितीतरी दिवसांनी पोटभर भांडली.

आतून पोरगी म्हणाली, "आई, मलापण बघायचंय. उचल ना!"