फडताळामागचा वारा

माझा एक नेम आहे. सकाळी डोळे उघडल्यापासून ऊन डोक्यावर येईपर्यंत कुणाबद्दलही वाईट शब्द तोंडातून काढायचा नाही. प्रार्थना वगैरे आहेच, पण तिला फारसे कष्ट पडत नाहीत. खरा नेम हा. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून तो पाळते आहे. या घरात आलीस म्हणूनच तो घ्यावा लागला, असं आमचे हे म्हणतात. "बारा वाजू देत," येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगतात, "मग बघा तोंडाचा पट्टा कसा सुटतो!"

तसं काही नाही. बारानंतर मी जे बोलते ते एकाच व्यक्तीबद्दल, आणि तेही हळू आवाजात.

ती व्यक्ती म्हणजे माझी धाकटी जाऊ.

आमचं घर डोंगराच्या उतारावर आहे. एकच लांबलचक घर, अर्धं वर, अर्धं खाली. सासरे गेल्यावर वाटणी झाली ती त्यांनीच सांगून ठेवल्याप्रमाणे: थोरल्याने रेघ मारायची आणि धाकट्याने आधी उचलायचं, म्हणजे रेघ मारणाऱ्याचा हात सरळ चालतो. आमच्या ह्यांनी अगदी न्यायाने रेघ मारली. खाली मोठं स्वयंपाकघर, कोठीची खोली आणि थोड्या निजायच्या खोल्या. वर जास्त खोल्या, पण स्वयंपाकाला बोळकांडी. भाऊजींनी वरचा भाग उचलला तेव्हा मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. इतके मानले की आता आठवलं तरी लाज वाटते.

वरच्या भागातल्या शेवटच्या खोलीला एक खिडकी आहे. तिच्या गजांवर आम्ही पायपुसणी वाळत घालायचो. समोरच्या डोंगरावर वाऱ्याने झिजलेले खडक आहेत. रस्त्यावरून बघा, नाहीतर माझ्या दारातून बघा, नुसता दगडांचा ढीग दिसतो. पण त्या खिडकीतून, आणि फक्त तिथूनच, एक बाई खाली वाकून लेकराच्या डोक्यावरून हात फिरवताना दिसते. कपाळ, मान, खांदा, सगळं कसं कोरल्यासारखं. आम्हाला ती कधी दिसली नव्हती, कारण मध्ये पायपुसणी.

वाटणीनंतर एक फोटोवाला तिथे मुक्कामाला राहिला आणि सगळं फिरलं. धाकटीने पाटी लावली, 'खिडकी'. बास, एवढीच. आता कुठून कुठून माणसं पाठीवर बोजे घेऊन येतात आणि माझ्या दारावरून वर चढून जातात. माझ्याही खोल्या झाडून पुसून तयार असतात. पण माझ्या खिडकीतून माझंच परसदार दिसतं, आणि ते बघायला कोण येणार?

दोष कुणाला देणार? रेघ आमचीच. तेच जास्त जळतं.

यंदा ह्यांनी स्पष्टच सांगितलं, "हाही हंगाम कोरडा गेला तर आपला भाग भावाला देऊन टाकू आणि मुलीकडे जाऊन राहू." मुलगी प्रेमळ आहे, जावई सोन्यासारखे आहेत. पण माझ्या ओट्यापाशी धाकटी उभी आहे आणि माझ्याच कढईत चमचा फिरवते आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आलं की प्रार्थनेतले शब्द मागेपुढे व्हायचे.

अशात एका संध्याकाळी धाकटी पायऱ्या उतरून आली. तिच्यामागे एक बाई उभी होती, डोक्यापासून बुटांपर्यंत चिखलाने माखलेली.

"ताई, एक पाहुणी पाठवू का तुमच्याकडे? माझ्याकडे जागा होती तशी, पण आमच्या चादरी पांढऱ्या आहेत ना."

संध्याकाळ होती, म्हणजे मला मोकळीक होती. तरी पाहुणीसमोर काय बोलणार? "या हो," मी त्या बाईला म्हटलं, "आमच्या चादरी धुतल्या जातात."

बाई गुहा शोधत हिंडणारी निघाली. अंघोळ करून जेवायला बसली आणि असं जेवली की मला बरं वाटलं. जेवता जेवता सांगत होती. एका गुहेत छतापासून खाली दगडाच्या बारीक नळ्या लोंबत होत्या, फुंकर मारली तर तुटतील अशा. एका ठिकाणचं तळं इतकं नितळ होतं, की पाणी आहे हे तिला पाय ओला झाल्यावर कळलं. पोटावर सरपटत जायचं, मध्येच अडकायचं, श्वास सोडून अंग बारीक करायचं आणि पुढे सरकायचं.

"आणि अडकूनच पडलात तर?" ह्यांनी विचारलं.

"मग भूक लागेपर्यंत थांबायचं. आपोआप बारीक होतो माणूस." तिने पावाला लोणी लावलं आणि एकदम थांबली. "काकू, हे लोणी इतकं गार कसं? तुमचा फ्रीज तर बंद दिसतो."

"फ्रीज कशाला हवा? कोठीत फडताळामागे एक फट आहे. उन्हाळाभर गार वारा येतो तिथून. सासूबाईसुद्धा दूध तिथेच ठेवायच्या."

"आणि थंडीत?"

"थंडीत उलटा. आत ओढतो. एकदा माझा रुमाल गेला."

बाईने पाव तसाच ताटात टाकला.

फटीला तोंड लावून ती बसली. तिचे ओले केस मागे उडत होते. "काकू," ती म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी लहान मुलीसारखा झाला, "घर श्वास घेतंय तुमचं. खाली गुहा आहे."

खोटं कशाला बोलू? माझ्या मनात पहिल्यांदा गुहा आलीच नाही. धाकटीचा चेहरा आला. माझ्या दारावर पाटी, 'गुहा', आणि ती वाचताना धाकटीचा चेहरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी आणि बाईने मिळून फडताळ सरकवलं, मागची फरशी उचलली आणि बाई दोर बांधून आत गेली. परत आली ती दात दाखवतच. "सोपी वाट आहे. जरा सरपटायचं, मग वळण, मग थोडा चढ आणि एक मोठं दालन. असं दालन मी फार थोड्या ठिकाणी पाहिलंय."

"चढ? कुठल्या बाजूला?"

तिने हात केला. वर. भिंतीपलीकडे. धाकटीकडे.

माझं डोकं तापलं. "मला बघायचंय," मी म्हटलं.

"तू?" हे म्हणाले. "तुला जिना चढताना दम लागतो!"

"सरपटताना कुठे दम लागतो?"

बाईने माझ्या डोक्यावर दिव्याची टोपी चढवली, कमरेला दोर बांधला, आणि मी माझ्याच कोठीतून जमिनीखाली गेले. दगड गार होता, ओला नव्हता. कोपर सोलवटलं, गुडघे बोलायला लागले. बाई पुढून सांगत होती, "डावा हात टेका, डोकं खाली, छान, काकू, छान." मत्सरासारखी ताकद दुसरी नाही, देव क्षमा करो, पण प्रार्थनेने मी एवढं सरपटले नसते.

मग डोक्यावरचा दगड संपला आणि मी उभी राहिले.

काय सांगू? भिंतीवरून दगड पडद्यासारखा उतरला होता. घड्या घातलेला, कडेला पातळ, इतका की दिवा मागे धरला तर उजेड आरपार येत होता. आणि पांढरा, धुऊन वाळत घातलेल्या चादरींसारखा. धाकटीच्या चादरींपेक्षाही पांढरा. कुठेतरी पाण्याचा थेंब पडत होता. माझे हात आपोआप जोडले गेले. "देवा," मी मनात म्हटलं, "इतकं सुंदर केलंस, पण तिच्याच बाजूला का?"

कारण शंका उरली नव्हती. दालनाच्या टोकाला जमिनीवर एक ढीग होता. बाईने दिवा टाकला. केसांची गुंतवळ, धागे, केसातल्या पिना, पाटीवरच्या रंगाचे पोपडे. धाकटी नेहमी तोऱ्यात सांगायची, खिडकीच्या खोलीत कोपरा झाडावाच लागत नाही, केर आपोआप नाहीसा होतो. तो इथे नाहीसा होत होता. वर छताला बोटभर रुंद चीर होती, आणि तिच्यातून वारा आत येत होता.

वाऱ्याबरोबर आवाज आला. इतका स्वच्छ, की मी दचकले.

"तुमच्याकडे उद्या जागा नाही म्हणता," कुणी पाहुणा विचारत होता, "मग खालच्या घरी मिळेल का एखादी खोली?"

"खाली?" हा धाकटीचा गोड आवाज. "नको हो, तिथे ओल आहे. रात्रभर झोप लागायची नाही."

पावलं लांब गेली. मग भाऊजींचा आवाज: "खोटं कशाला बोलतेस? कुठली ओल?"

"मग काय करू? तो चित्रकार आठवतोय ना? ताईंकडे एकदा जेवला आणि दुसऱ्या दिवशी सामान उचलून तिकडेच गेला. खिडकी काय, एकदा बघून होते. ताईंच्या हातचं जेवण माणसाला रोज हवं असतं. एकदा का लोकांना खालची वाट कळली, की माझ्या खिडकीला पुन्हा पायपुसणीच."

बाईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या दिव्याचा उजेड सरळ माझ्या तोंडावर. "तुमच्या जाऊ?" ती कुजबुजली.

माझी जीभ नुसती वळवळत होती. एवढी वर्षं मी खाली बसून तिचा हेवा करत होते, आणि ती वर बसून माझ्या खोल्यांना ओल लावत होती!

"बारा वाजले का हो?" मी विचारलं.

"घड्याळ वर राहिलंय."

झालं. तिथे ना ऊन, ना सावली. ऊन डोक्यावर आलंय की नाही ते कळायला मार्ग नव्हता, म्हणजे वाईट बोलता येणार नव्हतं. पण नुसतं विचारायला नेमाची हरकत नव्हती. मी चिरेखाली गेले, मान वर केली आणि अगदी मऊ आवाजात विचारलं,

"धाकटे, ओल कुठे आहे गं?"

 वर काहीतरी धातूचं खणखणत पडलं आणि धाकटी अशी किंचाळली, की त्या खडकातल्या लेकरानेही आईचा हात घट्ट धरला असेल.

"जमिनीतून बोलल्या!" ती ओरडत होती. "अहो, ताई जमिनीतून बोलल्या! त्यांना काही झालं तर नाही ना?"

शेवटचं वाक्य तिने रडत म्हटलं. ते मी ऐकलं नसतं तर बरं झालं असतं, कारण त्याने माझा अर्धा राग उतरला आणि मला तो सगळा हवा होता.

मी कोठीत डोकं वर काढलं तेव्हा ती फडताळाला धरून उभी होती, पांढरीफटक. मला धडधाकट बघून तिला आधी हायसं वाटलं आणि मग ती कानापर्यंत लाल झाली.

"ताई, तुम्ही... किती ऐकलंत?"

"ओलीपासून पायपुसण्यांपर्यंत." मी डोक्यावरची टोपी काढून तिच्या डोक्यावर ठेवली. "चल. तुला काहीतरी दाखवायचंय."

बाईची टोपी घालून मी पुढे झाले, ती माझ्यामागे सरपटत आली. वाटेत तीनदा म्हणाली, परत जाऊ. दालनात उभी राहिल्यावर मात्र परत जायचं विसरली. बराच वेळ त्या दगडी पडद्याकडे बघत राहिली, मग आपल्या केराच्या ढिगाकडे, मग वरच्या चिरेकडे. तिचं डोकं चालू झालेलं मला त्या अंधारातही दिसत होतं.

"ताई, हे माझ्या खोलीखाली आहे ना?"

"तुझ्याच. रेघेच्या पूर्ण पलीकडे."

"म्हणजे माझं."

"तुझं. आणि वाट माझ्या फडताळामागून."

तिने बोटांवर काहीतरी मोजलं.  पाण्याचा थेंब तेवढा पडत होता.

"येणारे आधी तुमच्याकडून आत जाणार," ती शेवटी म्हणाली, "आणि बाहेरही तुमच्याकडेच येणार."

"भुकेले," मी म्हटलं.

"मला आधीच ठाऊक होतं," ती पुटपुटली. "ह्यांना म्हटलं होतं मी, वाटणीच्या वेळी, खालचा भाग घ्या म्हणून."

इतक्या वर्षांत तिच्या तोंडून ऐकलेलं इतकं गोड वाक्य दुसरं नसेल. मी ते मनात नीट घडी करून ठेवलं.

बाहेर आलो तेव्हा हे आणि भाऊजी फरशीवर बसून नव्या पाटीवर काय लिहायचं यावरून भांडत होते. मुलीकडे जायची गोष्ट कुणी काढली नाही. उन्हाची तिरीप कोठीच्या उंबऱ्यावरून सरकून गेली होती, म्हणजे बारा केव्हाच वाजून गेले होते. धाकटी नखशिखांत मातीने माखली होती, पापण्यांवरसुद्धा माती. ती तशीच वर जायला निघाली.

"थांब," मी म्हटलं, "अंघोळ इथेच कर. तुमच्या चादरी पांढऱ्या आहेत ना."