न दिसणारा टाका

दिसलं तर ते ठिगळ, नाही दिसलं तर रफू, असं माझे वस्ताद म्हणायचे. पस्तीस वर्षं मी रफूचं दुकान चालवतोय आणि माझा टाका अजून कुणाला सापडलेला नाही. कोटाला सिगारेटनं पडलेलं भोक असो की उंदरानं कुरतडलेली शाल, गिऱ्हाईक उजेडात धरून शोध शोध शोधतं आणि शेवटी विचारतं, होतं कुठे हो ते? हा प्रश्न ऐकला की त्या दिवशी मला जेवण नसलं तरी चालतं. या खुळापायी मी एका माणसाच्या जिवाशी खेळलो, तेच सांगतो.

माझी लेक डोंगराचे उभे कडे चढते. तिचा क्लब दरवर्षी एका कड्याखाली तीन दिवसांचा मेळावा भरवतो. दोनशे माणसं येतात, तंबू ठोकून राहतात आणि दिवसभर पालीसारखी दगडाला चिकटतात. यंदा तंबूंच्या चेनी आणि पिशव्यांचे बंद शिवायला तिनं मला सोबत नेलं. एक टेबल, एक घडीची खुर्ची आणि वर ताडपत्री, असं माझं दुकान लागलं. तिनं ताकीद एकच दिली होती. काहीही शीव, पण हार्नेसला हात लावायचा नाही.

हार्नेस म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बसणारे पट्टे. पुढे एक लूप असतं, त्यात दोर बांधतात. तो दोर कड्याच्या माथ्यावरच्या कडीतून खाली येतो आणि जमिनीवरचा जोडीदार त्याचं दुसरं टोक धरून उभा राहतो. हात सुटला की माणूस त्या लूपवर लटकतो.

सगळं सामान तपासायला एक निवृत्त बाई होत्या. गळ्यात कात्री अडकवून फिरायच्या, म्हणून त्यांना सगळे कात्रीबाई म्हणत. जरा काही झिजलेलं दिसलं की कापून मोकळ्या. पहिल्या दिवशी दुपारी त्या एक लाल हार्नेस घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. नवख्यांना वापरायला देतात त्या वीस लालांपैकी तो एक होता. त्यांच्या कात्रीची धार गेली होती. तुमच्या मोठ्या कात्रीनं याचे दोन तुकडे करून टाका, म्हणाल्या आणि गेल्या.

मी पाहिलं. लूपच्या मुळाशी दोन बोटं जागा विरली होती, बाकी पट्टा नवाकोरा. एवढ्यासाठी कापायचं? कापड फुकट घालवणाऱ्यांचा मला मुळातच राग आहे. हात शिवशिवायला लागले. डबीत त्याच लाल छटेचा दोरा निघाला आणि मग मला कुणी थांबवू शकलं नसतं. शर्टाचा साधाच दोरा, पण दुहेरी घेतला. तासाभरात असं काम झालं की मीच माझी पाठ थोपटली. हार्नेस बाकीच्या एकोणिसांच्या ढिगात नेऊन टाकला. संध्याकाळी बाईंना म्हणणार होतो, आता ओळखा पाहू कुठला. पण संध्याकाळी बाईंचं डोकं दुखत होतं, त्या लवकर झोपल्या.

शेजारच्या तंबूत एक बेकरीवाला उतरला होता. शंभर किलोचा गडी, हसला की आधी पोट हलायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्यासाठी घरून आणलेला पाव घेऊन आला. आज आयुष्यात पहिल्यांदा चढणार म्हणाला, बायकोशी पैज लागली होती. मी म्हटलं, कड्याला विचारलंत का? तो खदखदून हसला आणि गेला.

पाव खाऊन मी कात्रीबाईंना गाठायला कड्याखाली गेलो. लाल ढीग जागेवर नव्हता, कधीच वाटून झाला होता. मी तोंड उघडायच्या आत बाईंनीच विचारलं, "काल तो कापलात ना?"

मी शर्टावरचे पावाचे कण झटकले.

"वेळेवर दिसलं म्हणून," त्या म्हणाल्या. "नुसते टाके गेले असते तर गोष्ट वेगळी. पट्टीच आतून कुजली होती. नखानं भोक पडलं असतं."

आणि मी तिला सुईनं पन्नास भोकं पाडली होती. "हो, कापला," मी म्हटलं. खरंच असं म्हटलं. दहा पावलं चाललो आणि वर पाहिलं. कड्यावर लाल, कड्याखाली लाल. तसाच वळलो, लेकीला बाजूला घेतलं आणि सांगून टाकलं.

ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं एवढंच विचारलं, "कुठला?"

मला सांगता येईना. ओळखू येऊ नये म्हणूनच तर शिवला होता तसा.

तिनं शिट्टी फुंकली. जमिनीवरच्या सतरा जणांचे हार्नेस उतरवून माझ्यापुढे मांडले. शेवटचा टाका मी उलटा घालून आत दडवतो, तिथे टाचणीच्या डोक्याएवढा उंचवटा राहतो. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागतो. प्रत्येक लूप दोनदा चाचपलं. सतरांत तो नव्हता.

तिघे कड्यावर होते. त्यांना खाली घ्यायची सोय नव्हती, कारण खाली यायचं तर लूपवरच वजन टाकून यावं लागतं. दोघे माथ्याजवळ होते, ते वर पोहोचून सपाटीवर उतरले. तिसरा तीन मजले उंचीवर अडकला होता. बेकरीवाला. त्याचा जोडीदार, बिचाऱ्याला काय माहीत, खालून धीर देत होता, दमलास तर बस दोरावर, मी धरलंय.

लेक मागच्या पायवाटेनं दुसरा दोर घेऊन वर पळत सुटली. जाताना म्हणाली, "बाबा, त्याला बसू देऊ नकोस. बोलत राहा. कारण सांगू नकोस, घाबरून हात सोडेल."

मी जोडीदाराला गप्प केलं आणि वर हाक मारली. बेकरीवाल्याचा डावा पाय मशीनच्या सुईसारखा वरखाली होत होता.

"पाय गेले हो," तो म्हणाला. "जरा बसतो."

"बसू नका."

"का?"

मी विषय बदलला. बायको, पैज, घरची पोरंबाळं, काय काय विचारलं. तो हूं हूं करत होता आणि त्याचं बूड हळूहळू खाली येत होतं. दोर ताणला जायला लागला. माझ्या तोंडून निघालं, "तुमचा पाव कच्चा होता."

बूड थांबलं.

"काय म्हणालात?"

"आतून कच्चा. पीठ नीट फुगलं नव्हतं."

"माझा पाव? कच्चा?"

मग तो वरून जे सुरू झाला! वीस वर्षं भट्टीसमोर उभा आहे, पीठ किती वेळ झाकून ठेवतो, भट्टी किती तापली की पाव आत घालतो, सगळं दगडाला नाक लावून मला सुनावलं. मी त्याला खोटं पाडत राहिलो. वरचा पापुद्रा चिवट होता म्हटलं, मीठ विसरलात म्हटलं. रागानं त्यानं दगड असा पकडला होता की बोटं पांढरी पडली होती. मी बोलत होतो आणि मनात फक्त त्या लूपकडे पाहत होतो. पोरीला वर पोहोचायला इतका वेळ का लागतोय तेच कळेना.

शेवटी ती दोरावरून त्याच्या शेजारी उतरली. त्याच्या छातीभोवती रुंद पट्टा आवळला, आपल्या दोराला अडकवला आणि मग त्याला हात सोडायला सांगितलं.

खाली टेकल्यावर त्याचं पहिलं वाक्य होतं, "कच्चा म्हणालात?"

कात्रीबाईंनी त्याचा हार्नेस काढून माझ्या हातात दिला. बोट फिरवायच्या आधीच मला माहीत होतं. टाचणीचं डोकं तिथेच होतं. पट्टा जुना झाला होता म्हणून खाली घेतलं, असं लेक त्याला सांगायला लागली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. मला वाचवत होती.

"जुना वगैरे नाही," मी म्हटलं. "कापायला दिला होता. मी शिवून परत ठेवला."

बेकरीवाल्यानं हार्नेस घेतला. उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला. डोळे बारीक करून शोधलं.

"कुठे शिवलाय?" तो म्हणाला. "दिसत तर नाही कुठे."

कात्रीबाईंनी लूपमध्ये दोन बोटं घालून एक हिसडा दिला. लूप त्यांच्या हातात आलं.

बेकरीवाला होता तिथेच जमिनीवर बसला. मी त्याच्याशेजारी बसलो.

"पाव कच्चा नव्हता," मी म्हटलं. "चांगला होता."

त्यानं नुसती मान हलवली आणि बायकोला फोन लावून दे म्हणून लेकीला सांगितलं, कारण त्याची बोटं चालत नव्हती.