पोळा फुटला नाही

सकाळी किसनरावांनी रवीच्या गळ्यात हार घातला आणि संध्याकाळी त्याच किसनरावांनी रवीच्या बापाचे बैल अडवले. मधल्या वेळात गाव काही बदललं नव्हतं. सकाळीही ते तसंच होतं.

रवी फौजेत. सीमेवर चकमक झाली तेव्हा तो तिथंच होता. सुट्टीवर आला तर संग्रामपूरच्या रस्त्यावर त्याच्या फोटोचं बॅनर. बौद्धवाड्यातल्या पोराचं बॅनर गावात पहिल्यांदाच लागलं. माजी सरपंच किसनराव भाषणात म्हणाले, "दुश्मनाले घुसून मारणारा आपला पोरगा." टाळ्या पडल्या, सेल्फ्या निघाल्या.

त्याच दिवशी पोळा. मारुतीसमोर दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, खाली गावच्या बैलजोड्या. पहिली जोडी किसनरावांची, तो त्यांच्या घराण्याचा मान. त्यांनी तोरण तोडलं की पोळा फुटतो आणि सगळे बैल त्याखालून घरी पळतात. या रांगेत बौद्धवाड्याचा बैल कधी उभा राहिला नाही. तसं कुठं लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती.

यंदा रवीचा बाप दयाराम शिंगं रंगवून आपली जोडी घेऊन आला आणि रांगेच्या शेवटी उभा राहिला. सोबत रवी.

किसनरावांचा पोरगा हर्षल माइकवर पोळ्याची गाणी, झडत्या म्हणत होता.

"आभाळ गडाडे, बिजली कडाडे, तोफ सुटली दारात,
दुश्मन म्हणे मेलो बाप्पा, पळा आपल्या घरात."

लोक हसले. हसता हसता किसनरावांची नजर रांगेच्या टोकाला गेली.

"दयाराम, बैल काढ."

"काऊन, पाटील?"

"काऊन म्हंजे? तुमी तं धर्म सोडला. तुमाले पोळा कायले पायजे?"

"म्या सोडला, पाटील. बैलानं नाई सोडला."

कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"बे दयाराम्या, पोरगा फौजी झाला तं लय मस्ती आली का बे?" हर्षल माइकवरच म्हणाला.

"हर्षल, माह्या बापाशी बोलून राह्यला तू," रवी म्हणाला.

किसनरावांनी रवीच्या खांद्यावर हात ठेवला. "हे पाय रवी, तुहा मान वेगळा, गावची रीत वेगळी. तू देशाचा हायेस."

"अन् माहा बाप कोणाचा हाय?"

किसनरावांनी हात काढून घेतला. "हे बैल रांगेत हायेत तवरक मी तोरण तोडत नाई."

"नका तोडू," दयाराम म्हणाला.

ऊन उतरलं. बैल एकमेकांना शिंगं मारू लागले. "पाटील, तोडा आता, ढोरं थांबत नाईत," रांगेतला शालिग्राम कळवळून म्हणाला. किसनरावांनी त्याच्याकडं पाहिलंही नाही. हर्षलभोवतीच्या पोरांच्या हातात काठ्या आल्या.

सीमेवर समोरच्याचं तोंड रवीला कधी धड दिसलं नव्हतं. त्याचा राग यायला मोबाइलवरच्या बातम्या लागत. हर्षल तर शाळेत रवीच्याच वर्गातला. इथल्या रागाला बातमी लागत नाही, तो अंगावरच्या दुधासोबत पोटात जातो. आणि तो फायदा-तोटाही बघत नाही. माझं गेलं तरी चालेल, तुला मिळता कामा नये. दोन माणसांत काय आणि दोन देशांत काय, दुश्मनी म्हणजे एवढंच. बाकी सगळी भाषणं.

किसनरावांनी विळा मागवला. तोरणाची दोरी कापली आणि तोरण गुंडाळून काखेत मारलं.

"यंदा पोळा नाई."

मग त्यांनी आपली मानाची जोडी उलटी फिरवली आणि उकिरड्याच्या बोळातून घरी नेली. मागोमाग सगळं गाव तसंच गेलं. आपल्या बैलांचा सण कोणी बुडवला, हे एकानंही विचारलं नाही. जाताना शिव्या मात्र दयारामला.

पोरं तेवढी काठ्या घेऊन थांबली. समोर दोन उघडे खांब.

"बाबा, तोरण तं नाई राह्यलं," रवी म्हणाला.

"रस्ता हाय ना."

दयारामनं कासरा ओढला. जोडी खांबांच्या मध्ये आली तेव्हा मागून दगड आला आणि एका बैलाच्या मागच्या पायावर बसला. बैल खाली बसता बसता सावरला. रवी गर्रकन वळला.

"मांगं पाहू नको," दयाराम म्हणाला. "बैल लंगडून राह्यला, त्याच्या बाजूनं चाल. इथून परत फिरवाचा नाई."